वाचकांचे प्रश्न : राणी इंगेबोर्गचा वीस वर्षांचा दावा

मागील अंकात मध्ययुगीन युरोपातील राजघराण्यांच्या विवाहांवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात डेन्मार्कची राजकन्या इंगेबोर्ग हिच्याविषयी चारच ओळी होत्या : १४ ऑगस्ट ११९३ रोजी फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याच्याशी तिचा विवाह झाला, दुसऱ्या दिवशी तिला राणी म्हणून अभिषेक झाला, आणि तो समारंभ संपतो न संपतो तोच राजाने तिला पत्नी म्हणून नाकारले. त्या चार ओळींनी अनेक वाचकांना अस्वस्थ केले, असे आलेल्या पत्रांवरून दिसते. म्हणून यावेळचे सदर इंगेबोर्गच्याच आयुष्याला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : परक्या देशात लग्न करून गेलेल्या राजकन्या म्हणजे राजकारणाच्या पटावरील निव्वळ प्यादी होत्या, असे समजावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लग्न ठरवताना त्यांचे मत क्वचितच विचारले जाई, एवढ्यापुरते आपले म्हणणे खरे आहे. परंतु लग्नानंतरची गोष्ट वेगळी असे. कॉन्स्टँटिनोपलहून आलेली थिओफानो हिचा विवाह ९७२ मध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या ऑटोशी झाला आणि पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलाच्या नावाने तिने साम्राज्याचा कारभार पाहिला. कीव्हची राजकन्या आना १०५१ मध्ये फ्रान्सच्या पहिल्या हेन्रीची राणी झाली. १०६३ च्या एका सनदेवर कीव्हच्या लिपीत केलेली तिची सही आजही पाहायला मिळते. या स्त्रियांना सासरी अधिकार मिळाला, तो मुलाची आई या नात्याने. इंगेबोर्गला मूल नव्हते, पतीचा सहवास नव्हता, दरबारात पाठीराखा नव्हता आणि सासरची भाषाही येत नव्हती. असे असूनही आपला हक्क तिने सोडला नाही, आणि तो टिकवण्यासाठी तिने जो मार्ग धरला तो निव्वळ प्याद्याला सुचणारा नव्हे. तिचे आयुष्य सविस्तर पाहण्यासारखे आहे ते यामुळेच.

प्रश्न : डेन्मार्क आणि फ्रान्स यांचा परस्परांशी फारसा संबंध नसताना हा विवाह ठरला कशासाठी? हुंडा दिला गेला होता का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : या विवाहाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. फ्रान्समधला मोठा प्रदेश त्या काळी इंग्लंडच्या राजांच्या ताब्यात होता आणि तो परत मिळवणे हे फिलिपच्या राजकारणाचे पहिले उद्दिष्ट होते. तिसऱ्या धर्मयुद्धावरून फिलिप ११९१ मध्येच आजारी अवस्थेत परतला होता. त्याचा प्रतिस्पर्धी, इंग्लंडचा राजा रिचर्ड, परतीच्या वाटेवर पकडला गेला आणि ११९३ मध्ये जर्मनीत कैदेत होता. इंग्लंडवर चाल करण्याची यापेक्षा चांगली संधी मिळणे कठीण होते. उणीव होती ती आरमाराची, आणि डेन्मार्ककडे आरमार होते. शिवाय अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात डॅनिश राजांनी इंग्लंडवर राज्य केले होते आणि त्या जुन्या हक्काची आठवण अजून पुसली गेली नव्हती. तो हक्क आपल्या नावे व्हावा आणि वर्षभरासाठी डॅनिश आरमार व फौज मिळावी, अशी फिलिपची मागणी होती, असे इंग्रज इतिवृत्तकार विल्यम ऑफ न्यूबर्ग सांगतो.

डेन्मार्कचा राजा सहावा कनूट हा इंगेबोर्गचा सख्खा भाऊ. वडील पहिला वाल्देमार ११८२ मध्ये वारले होते, त्यामुळे लग्न ठरवण्याची जबाबदारी भावावर होती. बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेंड लोकांशी डेन्मार्कचा संघर्ष सुरू असताना आरमार परमुलखी पाठवणे त्याला परवडणारे नव्हते. अखेर १०,००० मार्क चांदीवर सौदा झाला. मार्क हे वजनाचे माप होते, सव्वादोनशे ग्रॅमहून थोडे अधिक. म्हणजे हा हुंडा दोन टनांहून जास्त चांदीचा झाला. रिचर्डच्या सुटकेसाठी त्याच सुमारास मागितलेली खंडणी दीड लाख मार्कांची होती, यावरून या रकमेचे मान लक्षात येईल : एका राजकन्येसाठी ती भरघोस होती, पण इंग्लंड जिंकायला पुरणारी नव्हती. फिलिपनेही रिवाजाप्रमाणे ऑर्लेआं परिसरातील महसूल वधूच्या नावे करून दिला. पतीच्या पश्चात राणीचा चरितार्थ चालावा यासाठी ही तरतूद असे. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

वाटाघाटींत मध्यस्थ होता विल्यम नावाचा मठाधिपती. तो मूळचा पॅरिसच्या सेंट जेनेव्हिएव्ह मठातला. बिशप आब्सालोनच्या बोलावण्यावरून तो डेन्मार्कला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. दोन्ही देशांची रीतभात जाणणारा असा दुसरा माणूस त्या दरबारात मिळणे अवघड होते. हे लग्न जुळवण्यात त्याचा हात होता, आणि लग्न मोडू नये म्हणून उतारवयात रोमपर्यंत पायपीट करणारांतही तो होता.

प्रश्न : एका रात्रीत असे काय घडले? राजाने तिला नाकारण्याचे खरे कारण कोणते? (याच आशयाची पत्रे पुणे, नागपूर व बेळगाव येथून)

उत्तर : घडले ते असे. १४ ऑगस्टला अमिआं येथे विवाह झाला. दुसरा दिवस मेरीच्या स्वर्गारोहणाचा, मोठ्या सणाचा. त्या दिवशी राणीचा अभिषेक ठेवला होता. राजा तेव्हा सत्तावीस वर्षांचा विधुर, राणी अठराच्या आसपासची. अभिषेक चालू असतानाच राजा तिच्याकडे पाहून थरथरू लागला, त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि समारंभ संपेपर्यंत तो कसाबसा उभा राहिला, असे पोप तिसरा इनोसंट याच्या चरित्रात नमूद आहे. नंतर त्याने तिच्यासोबत आलेल्या डॅनिश दूतांना तिला परत घेऊन जाण्यास सांगितले. त्यांनी ते मान्य केले नाही आणि ते मायदेशी निघून गेले. राजकन्या मागे राहिली.

कारणांविषयी समकालीनांचेच एकमत नाही. राजाचा इतिवृत्तकार रिगोर हा सेंट डेनिसच्या मठातला साधू; त्याने सैतानाची प्रेरणा आणि चेटूक यांवर ठपका ठेवला. इतरांनी तिच्यात काही छुपे व्यंग असावे अशी कुजबुज टिपून ठेवली. मात्र ज्यांनी तिला जवळून पाहिले होते त्यांची साक्ष अगदी उलट आहे. तूर्नेचा बिशप एतिएन याने तिच्यासाठी रेम्सच्या आर्चबिशपला लिहिलेल्या पत्रात तिचे रूप, वय, शील आणि प्रार्थनेत बुडालेली तिची दिनचर्या यांचे वर्णन करताना ट्रॉयच्या हेलनचीही आठवण काढली आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना धर्मयुद्धातील आजारातून पुरता न सावरलेल्या राजाच्या मनाचा तोल महत्त्वाचा वाटतो, तर काहींना आरमार न मिळाल्यामुळे फसलेला राजकीय हिशेब.

माझ्या मते कारण शोधताना राजाचे आधीचे वर्तनही पाहिले पाहिजे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ११८४ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, याच राजाने आपली पहिली राणी एनोची इझाबेल हिलाही टाकून देण्यासाठी सभा बोलावली होती. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. ती अनवाणी, पश्चात्तापाची साधी वस्त्रे नेसून गावातील चर्चमधून प्रार्थना करत फिरली; लोक तिच्या बाजूने राजवाड्यासमोर जमले आणि राजाला माघार घ्यावी लागली. तेव्हा पत्नीला दूर करणे हा फिलिपसाठी अमिआंमध्ये प्रथमच सुचलेला विचार नव्हता. इझाबेलपाठीमागे तिचे नातलग आणि शेजारच्या प्रांतातले लोक होते. इंगेबोर्गचे माहेर समुद्रापलीकडे होते आणि पॅरिसच्या रस्त्यावर तिचे बोलणे कोणाला कळले नसते.

प्रश्न : राजाला काडीमोड मिळाला कोणत्या आधारावर? आणि ती सरळ माहेरी का निघून गेली नाही? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : चर्चच्या कायद्यात आजच्या अर्थाने घटस्फोट नव्हता. विवाह मुळातच अवैध होता असे सिद्ध करावे लागे. त्यासाठी सर्वांत सोयीचा आधार नातेसंबंधाचा होता, कारण सात पिढ्यांपर्यंतचे नाते विवाहाला निषिद्ध मानले जाई आणि पत्नीच्या नातलगांनाही तोच नियम लागू होई. राजघराण्यांत एवढ्या मागे गेल्यावर कोणाचे ना कोणाचे नाते निघतेच. (ही मर्यादा पुढे १२१५ च्या लॅटेरन परिषदेत चार पिढ्यांवर आणली गेली.) लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते तोच, नोव्हेंबर ११९३ मध्ये, काँपियेन येथे राजाच्या मर्जीतील बिशप व सरदार जमले. इंगेबोर्ग ही राजाच्या दिवंगत पत्नीची निषिद्ध पिढीतील नातलग असल्याची वंशावळ त्यांनी मांडली, ती खरी असल्याच्या शपथा घेतल्या आणि विवाह रद्द ठरवला. सभेचा प्रमुख होता रेम्सचा आर्चबिशप, राजाचा सख्खा मामा.

इंगेबोर्ग सभेला हजर होती, पण तिथे काय चालले आहे हे तिला दुभाष्याने सांगेपर्यंत कळले नाही. कळल्यावर ती रडू लागली आणि तिला येत असलेल्या तुटपुंज्या लॅटिनमध्ये ओरडली : "माला फ्रांकिया! रोमा, रोमा!" वाईट आहे हा फ्रान्स, रोमकडे दाद मागते! पुष्कळ ठिकाणी हा प्रसंग एका असहाय मुलीचा आक्रोश म्हणून रंगवला जातो. आक्रोश तो होताच, पण भरसभेत रोमचे नाव घेणे म्हणजे त्या काळी खालच्या न्यायालयाच्या निकालावर वरच्या न्यायालयात अपील दाखल करणे होते. अठरा वर्षांच्या मुलीने, वकील नसताना, परक्या भाषेत, निकाल कानावर पडताक्षणी ते केले.

आता माहेरी परतण्याविषयी. राजाने तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या : डेन्मार्कला परत जावे किंवा एखाद्या मठात संन्यासिनी व्हावे. दोन्हींत तिला मान, अन्न आणि सुरक्षितता मिळाली असती. पण यातली कोणतीही वाट धरली असती तर काँपियेनचा निकाल तिने मान्य केला, असाच अर्थ झाला असता. आपला विवाह विधिपूर्वक झाला आहे, तो पूर्णत्वास गेला आहे (म्हणजे पतिपत्नीचा शरीरसंबंध झाला आहे), आपण राजाची धर्मपत्नी आणि फ्रान्सची अभिषिक्त राणी आहोत, हे तिचे म्हणणे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच राहिले. राजाची बाजू मात्र बदलत गेली. आधी नातेसंबंधाचा मुद्दा होता. तो टिकेना तेव्हा चेटकामुळे विवाह पूर्णत्वास गेलाच नाही असे म्हणणे पुढे आले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांतला हा फरक माझ्या दृष्टीने फार बोलका आहे.

माहेरानेही तिला एकटे सोडले नाही, हे सांगितले पाहिजे. मठाधिपती विल्यम आणि डॅनिश राजाचा चॅन्सेलर आंडर्स सुनेसन हे दोघे खरी वंशावळ घेऊन रोमला गेले. पोप तिसरा सेलेस्टाइन याने ११९५ मध्ये काँपियेनचा निकाल रद्द ठरवला. परत येताना दिजोंजवळ या दोघांना अडवून पोपची पत्रे हिसकावून घेण्यात आली आणि त्यांना काही काळ अटकेत राहावे लागले.

प्रश्न : पोपने विवाह वैध ठरवल्यावरही राजा दुसरे लग्न कसे करू शकला? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : केले, पण सहजासहजी जमले नाही. इंगेबोर्गच्या वाट्याला काय आले ते युरोपभर पसरले होते. ऱ्हाइनच्या पॅलेटाइन काउंटची कन्या आग्नेस हिला मागणी गेली. तिने ती नाकारून वेल्फ घराण्यातील हेन्रीशी गुपचूप विवाह केला. जिनिव्हाच्या काउंटची मुलगी फ्रान्सकडे निघाली असता सव्हॉयच्या काउंट टॉमसने तिला वाटेतच गाठून स्वतः तिच्याशी लग्न लावले. शेवटी जून ११९६ मध्ये बव्हेरियातील आंडेक्स-मेरानिया घराण्यातील आग्नेस हिच्याशी फिलिपचा विवाह झाला. सेलेस्टाइन वृद्ध होता. त्याने निषेध केला, पण त्यापुढे पाऊल टाकले नाही. ११९८ मध्ये तिसरा इनोसंट पोप झाला. वय ३७, विवाह हा चर्चच्या अखत्यारीतला विषय आहे आणि राजाही त्याला अपवाद नाही, या मतावर ठाम. तिथून प्रकरणाचे रूप पालटले.

प्रश्न : एका राणीसाठी संपूर्ण फ्रान्सवर धार्मिक बंदी घातली गेली, असे वाचले. ती प्रत्यक्षात कशी होती? निरपराध रयतेला शिक्षा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : डिसेंबर ११९९ मध्ये दिजोंच्या परिषदेत पोपचा प्रतिनिधी, कार्डिनल पिएत्रो, याने राजाच्या प्रदेशावर ही बंदी जाहीर केली आणि जानेवारी १२०० मध्ये ती अमलात आली. चर्चची दारे बंद झाली, घंटा थांबल्या, उपासना बंद झाल्या. अर्भकाचा बाप्तिस्मा आणि मरणासन्न माणसाचा पापनिवेदनाचा विधी एवढेच चालू राहिले. मृतांना पवित्र भूमीत पुरता येईना. ज्या समाजात जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रत्येक टप्पा चर्चमधून जात होता, त्याच्यावर याचा केवढा आघात झाला असेल याची कल्पना करता येईल. ज्या बिशपांनी बंदी पाळली त्यांना राजाने हुसकावून लावले आणि त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली. पॅरिसचा बिशप त्यांपैकी एक.

बंदीची झळ खुद्द राजघराण्यालाही लागली. मे १२०० मध्ये युवराज लुई आणि कॅस्टिलची बारा वर्षांची राजकन्या ब्लांश यांचा विवाह होता. राजाच्या प्रदेशात विधी करता येत नसल्यामुळे तो इंग्लंडच्या राजाच्या अमलाखालील नॉर्मंडीत, पोर-मोर या गावी लावावा लागला. परदेशातून आलेल्या या दुसऱ्या राजकन्येचे आयुष्य पुढे फार वेगळ्या वळणाने गेले, पण तिच्या लग्नाच्या जागेवर इंगेबोर्गच्या दाव्याची छाया पडली होती.

रयतेविषयीचा आपला प्रश्न रास्त आहे आणि तो त्या काळीही विचारला गेला होता. मोठ्याच्या अपराधासाठी गरिबाला त्याच्या आईच्या दफनविधीपासून वंचित ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. तरीही हे नोंदवावे लागते की राजाला दरबारात प्रश्न विचारू शकणारी दुसरी कोणतीही सत्ता तेव्हा अस्तित्वात नव्हती, आणि आठ महिन्यांच्या आत राजा नमला. सप्टेंबर १२०० मध्ये त्याने इंगेबोर्गला पत्नी व राणी म्हणून जाहीररीत्या स्वीकारले आणि बंदी उठली.

तो स्वीकार देखाव्यापुरता होता. मार्च १२०१ मध्ये स्वासों येथे विवाहाच्या वैधतेवर पुन्हा परिषद भरली. डेन्मार्कहून आलेल्या प्रतिनिधींना न्यायाधीशांचा भरवसा वाटेना. पुन्हा रोमकडे अपील करून ते निघून गेले. राणीच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही, तेव्हा सभेतून एक अनोळखी, गरीब दिसणारा धर्मगुरू उठला आणि त्याने तिची बाजू इतक्या अभ्यासपूर्ण रीतीने मांडली की राजासुद्धा चकित झाला, असे इतिवृत्तात आहे. निकाल विरुद्ध जाणार असा रंग दिसताच एके दिवशी पहाटे राजा इंगेबोर्ग राहत होती तिथे गेला, तिला आपल्या घोड्यावर मागे बसवले आणि ही माझी पत्नी आहे, मला काडीमोड नको, असा निरोप परिषदेला पाठवून निघून गेला. वादच उरला नाही म्हटल्यावर परिषद विसर्जित झाली. थोड्याच अवधीत राणी पुन्हा बंदिवासात होती.

प्रश्न : कैदेत तिला कसे वागवले गेले? याचे पुरावे आहेत का? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे तिच्या नावाने पोपला गेलेली पत्रे. सुरुवातीला तिला तूर्नेजवळील सिझ्वां येथील मठात ठेवले होते. निर्वाहासाठी अंगावरचे कपडे आणि भांडी विकण्याची वेळ तिच्यावर आली आहे, असे बिशप एतिएनच्या पत्रात आहे. दोन टन चांदी घेऊन आलेल्या राजकन्येची ही स्थिती दोन वर्षेही उलटण्याआधीची. त्यानंतर तिची रवानगी निरनिराळ्या ठिकाणी होत राहिली आणि स्वासोंनंतर पॅरिसच्या दक्षिणेला एताम्प येथील गढीत तिला दीर्घकाळ डांबण्यात आले.

१२०३ मध्ये इनोसंटला गेलेल्या पत्रात मोठमोठी विशेषणे थोडी आहेत आणि तक्रारी अगदी नेमक्या आहेत. भेटीला कोणाला येऊ देत नाहीत. धर्मगुरूची भेट होत नाही, त्यामुळे धर्मवचन ऐकता येत नाही आणि पापनिवेदन करता येत नाही. कधीकधी पुरेसे अन्नही मिळत नाही. आजारपणात औषधपाणी नाही. स्नानाची मुभा नाही. कपडे अपुरे आणि राणीला न शोभणारे. भोवती ठेवलेली माणसे अपमान करतात. माहेरच्या माणसांची पत्रे पोहोचू देत नाहीत. तुरुंगातल्या माणसाने न्यायाधीशापुढे एकेक बाब क्रमाने मांडावी तसे हे पत्र आहे, आणि ते तिने स्वतः सांगून कोणा धर्मगुरूकडून लॅटिनमध्ये उतरवून घेतले असले तरी त्यातील तपशील तिचेच आहेत.

पत्राच्या अखेरच्या भागातील विनंती मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते. छळाला कंटाळून किंवा धाकदपटशामुळे उद्या आपण विवाहाच्या विरोधात काही बोललो, काही कबूल केले, तर ते ग्राह्य धरू नये, असे तिने पोपला आधीच कळवून ठेवले आहे. आपण किती सोसू शकू याची तिला खात्री नव्हती. म्हणून आपली सहनशक्ती संपली तरी आपला दावा संपू नये, याची तजवीज तिने केली. जबरदस्तीने घेतलेला कबुलीजबाब निरर्थक मानावा हे तत्त्व एका बंदिवान तरुणीने आठशे वर्षांपूर्वी स्वतःच्या बचावासाठी इतक्या स्पष्टपणे वापरावे, याबद्दल मला तिच्याविषयी नितांत आदर वाटतो.

इनोसंटने राजाला वारंवार पत्रे लिहून निदान नीट वागवण्याची ताकीद दिली. मात्र दुसऱ्यांदा धार्मिक बंदी घातली नाही, कारण त्याला जर्मनीच्या राजकारणात फिलिपची गरज भासू लागली होती. तिच्या हक्कावर त्याने कधी पाणी सोडले नाही, हे खरे. परंतु त्याच्या राजकीय गरजांची किंमत एताम्पच्या गढीत ती मोजत होती, हेही तितकेच खरे.

प्रश्न : राजाची तिसरी पत्नी आग्नेस हिचे पुढे काय झाले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ती जुलै १२०१ मध्ये प्वासी येथे बाळंतपणानंतर वारली. पाच वर्षे ती स्वतःला राणी समजत होती आणि अर्धे जग तिला रखेल म्हणत होते. तीही परदेशातून लग्न करून आलेली राजकन्याच होती आणि या प्रकरणात तिचा काही दोष नव्हता. मारी आणि फिलिप या तिच्या दोन मुलांना इनोसंटने त्याच वर्षी औरस म्हणून मान्यता दिली. तिच्या मृत्यूमुळे इंगेबोर्गच्या वाटेतील अडसर दूर झाला असे कोणाला वाटेल, पण तसे घडले नाही. राजाने कैद सैल केली नाही; १२१० मध्ये त्याने थुरिंगियाच्या लांडग्राफच्या (जर्मन प्रांताधिपतीच्या) मुलीशी, काडीमोड मिळाल्यास, विवाह करण्याची बोलणीसुद्धा केली.

प्रश्न : शेवटी तिला न्याय मिळाला का? तिच्या काही खुणा आज पाहता येतात का? (पुणे, मुंबई व रत्नागिरी येथील वाचक)

उत्तर : १२१३ मध्ये, लग्नाला वीस वर्षे होत आली असताना, फिलिपने अनपेक्षितपणे तिला राणी म्हणून परत आणले. इंग्लंडवर स्वारीची तयारी चालू होती. पोपची सहानुभूती आणि डेन्मार्कची मैत्री पुन्हा हवी होती. युवराज लुईला मुलगा झालेला असल्याने वारसाचीही चिंता उरली नव्हती. म्हणजे ज्या हिशेबाने ती आणली गेली होती, जवळपास त्याच हिशेबाने ती सोडवली गेली. पतिपत्नी म्हणून सहजीवन घडले नाही, पण मान, सेवक आणि राणीचे स्थान मिळाले. तिचे वय तेव्हा चाळिशीकडे झुकले होते. यास न्याय म्हणावे का, हे मी सांगू धजत नाही. तिने जे मागितले होते ते मिळाले, एवढे निश्चित.

फिलिप जुलै १२२३ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने तिच्यासाठी १०,००० लिव्हर (तत्कालीन फ्रेंच चलन) ठेवले होते. सावत्र मुलगा आठवा लुई आणि त्याच्यानंतर नववा लुई या दोघांनीही तिला राजमातेचा मान दिला. विवाहाच्या वेळी लिहून दिलेला ऑर्लेआंचा महसूलही तिला मिळाला. त्यातून तिने कॉर्बेयजवळ नदीतल्या बेटावर सेंट जॉनच्या धर्मबंधूंसाठी मठ स्थापन केला. १२३६ च्या सुमारास ती वारली आणि तिथेच तिचे दफन झाले. आयुष्याची शेवटची तेरा वर्षे ती फ्रान्सची विधवा राणी म्हणून जगली. डेन्मार्कला ती कधीच परतली नाही.

तिची मुख्य खूण म्हणजे तिचा स्तोत्रग्रंथ. उत्तर फ्रान्समध्ये ११९५ ते १२०० च्या सुमारास तयार झालेले हे लॅटिन हस्तलिखित सोनेरी पार्श्वभूमीवरील पूर्णपान चित्रांसाठी कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आकृत्यांच्या अंगावरून ओघळणाऱ्या वस्त्रांच्या मऊ चुण्या त्या काळातील नव्या शैलीची साक्ष देतात. मात्र इंगेबोर्गच्या चरित्रासाठी चित्रांहून त्यातील दिनदर्शिकेची पाने अधिक मोलाची आहेत. संतांच्या सणांच्या मधून तिथे तिचे वडील वाल्देमार आणि आई सोफिया यांच्या मृत्यूचे दिवस टिपलेले आहेत. आई ११९८ मध्ये वारली, म्हणजे मुलगी बंदिवासात असताना. त्याच दिनदर्शिकेत २७ जुलै १२१४ या दिवशी बूवीनच्या लढाईत फिलिपला मिळालेल्या विजयाचीही नोंद आहे. काही अभ्यासक ही नोंद तिच्या क्षमाशीलतेची खूण मानतात. मला ती राणीपणाची खूण वाटते : फ्रान्सच्या राणीने फ्रान्सचा विजय आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात नोंदवणे हे तिचे कर्तव्यच होते, आणि ते पद तिने वीस वर्षे कोणाला हिरावू दिले नव्हते.

हा ग्रंथ पॅरिसच्या उत्तरेला शांतिली येथील कोंदे संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहे. इतकी जुनी हस्तलिखिते कायम मांडून ठेवली जात नाहीत, त्यामुळे तिथे जाणाऱ्या वाचकांनी आधी चौकशी करावी. एताम्पचा बुरूज, ज्याला तेथे गिनेतचा मनोरा म्हणतात, भग्नावस्थेत का होईना उभा आहे. चार अर्धगोल एकमेकांना चिकटवावेत असा त्याचा आराखडा आहे आणि पॅरिसहून एका दिवसात तो पाहून परत येता येते.